ज्याच्या त्याच्या घरासमोर

तुम्ही खोटं बोललात. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना इकडंतिकडं बघायची तुमची सोय राहणार नाही. आमच्या लिख्टफेल्ड गावच्या शाळेत सगळ्यांना बसवून तुम्ही पूर-कचेरीतले लोक म्हणालात, गावाभोवती बांध घालतोय, एकाही घराला पाणी लागू देणार नाही. आणि मग तुमच्यापैकी कुणीतरी उबदार खोलीत बसून नकाशावर पेन्सिलीनं एक गोल काढला. त्या गोलानं शाळा पोटात घेतली, चीजचा कारखाना घेतला, धान्याची कोठारं घेतली. जिथं एकोणीस वर्षांत एक गाडी थांबली नाही ते रेल्वे स्टेशनही घेतलं, का तर त्यात कबुतरं राहतात. आणि रेम्पेलांची, म्हणजे आमची, तीन घरं बाहेर ठेवली.

आम्ही विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, तुमची घरं गावाच्या व्याख्येत बसत नाहीत. माझ्या आजोबांनी रशियातून येऊन हे गाव वसवलं तेव्हा पहिली कुदळ आमच्याच अंगणात मारली होती. व्याख्या मागाहून आली, आणि येताना आम्हाला विसरून आली.

आमची नदी उत्तरेकडं वाहते. दक्षिणेतलं बर्फ आधी वितळतं, उत्तरेला तिचं तोंड अजून गोठलेलं असतं, आणि मधल्यामध्ये सगळं पाणी आमच्या शेतांवर पसरतं. ते येणार होतं पुढच्या मंगळवारी. हातात नऊ दिवस होते.

त्या रविवारी डीट्रिखमामानं चर्चमध्ये बायबलातलं नहेम्याचं पुस्तक काढलं. डीट्रिखमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजाचा, उपदेशक. आठवडाभर गाई, रविवारी देव. यरुशलेमचा कोट पडला होता, वेशी जळल्या होत्या, तेव्हा लोकांनी काय केलं? मामा म्हणाला, त्यांनी राजाची वाट बघितली नाही. प्रत्येकानं आपापल्या घरासमोरचा कोट बांधला. ज्याच्या त्याच्या घरासमोर! एवढं सोपं. आपलं दार सांभाळा, गाव आपोआप सांभाळलं जातं.

मग पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं हात वर केला आणि विचारलं की त्याच पुस्तकात पुढं म्हटलंय, लोक एका हातानं काम करत आणि दुसऱ्या हातात हत्यार धरत. त्याचं काय करायचं? प्रश्न वाईट होता. आमच्या पंथानं चारशे वर्षं हत्यार हातात धरलेलं नाही. त्यापायी तीन देश सोडले. मामा पुस्तकाची पानं उलटू लागला. बायकांच्या बाजूला सुशमामी, म्हणजे त्याचीच बायको, पुटपुटली, "फावड्याला दोन्ही हात लागतात." सुशमामी पुटपुटली तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं. प्रश्न मिटला.

हा उपदेश अर्ध्या तासात इसब्रांटमामाच्या घरी पोचला. तो धाकटा. सहा वर्षांपूर्वी तो गावातल्या दुसऱ्या मंडळीत गेला, कारण त्या मंडळीनं चर्चमध्ये पियानो आणला आणि लीझेमामीला, म्हणजे त्याच्या बायकोला, पियानो वाजवता येत होता. आमच्या मंडळीत एका सुरात गायचं असतं, आणि वाद्य म्हणजे सैतानाचं फर्निचर. मंडळीनं इसब्रांटमामावर बंदी घातली. त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, त्याच्याबरोबर मिळून काम करायचं नाही. बंदीचा कागद वाचून दाखवला डीट्रिखमामानं. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"नहेम्या काय त्याच्या एकट्याचा आहे?" इसब्रांटमामा म्हणाला आणि त्याच दुपारी ट्रॅक्टर काढला.

मी शहरात एका बेकरीत कामाला असते. भिंती होताना मी बघितल्या नाहीत. सुट्टी मिळून घरी आले ती पुढच्या रविवारी, म्हणजे आज सकाळी, पाण्याच्या दोन दिवस आधी.

रविवारी दुपारी तीन वाजता आमच्याकडं फास्पा, म्हणजे सगळ्यांचं गार जेवण, असतो. झ्वीबाक, म्हणजे एका गोळ्यावर दुसरा छोटा गोळा बसवून भाजलेले पाव. प्लमचा मुरंबा, चीज, गार सॉसेज, आणि कॉफी, भरपूर कॉफी. स्वयंपाक शनिवारीच उरकलेला असतो, कारण रविवारी काम करायचं नाही. हा फास्पा तिन्ही घरांचा मिळून आईकडं होतो. माझी आई, आगानेता, दोघा भावांच्या मधली. वडील गेल्यापासून ती मधल्या घरात एकटी राहते. एका टेबलावर जेवायला बंदी, म्हणून तिनं दोन टेबलं मांडली होती, मध्ये बोटभर फट ठेवून. वरून एकच मोठी चादर. चादरीखाली नियम पाळला जात होता, चादरीवर माणसं जेवत होती. आई टोकाला बसते, एक गुडघा या टेबलाखाली, दुसरा त्या टेबलाखाली.

"आगानेता," डीट्रिखमामा पावाला लोणी लावत म्हणाला, "तुझ्या भावाला विचार, त्याची भिंत किती उंच झाली."

"ताई," इसब्रांटमामा म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, त्याच्या भिंतीहून वीतभर जास्त."

"त्याला सांग, उंची गर्वानं वाढत नाही. बुड रुंद लागतं."

"त्याला सांग, बुडाचं म्हणशील तर—"

"इसब्रांट!" लीझेमामी म्हणाली.

"मी काहीही सांगणार नाही," आई म्हणाली. "तुम्हाला चार कान आहेत. सॉसेज घ्या."

डीट्रिखमामानं सॉसेज घेतलं. तो खुशीत होता. पाठ मोडली होती, पण भिंत उभी होती: चाऱ्याच्या गोण्या, पिठाच्या गोण्या, सगळ्या मातीनं ठासून भरलेल्या. गोण्या संपल्या तेव्हा घरातले उशांचे अभ्रे काढले. सुशमामीच्या लग्नातले चौदा अभ्रे, तिच्या आईनं भरलेल्या निळ्या फुलांचे. मामीनं ते दिले, पण एका अटीवर: फुलं घराच्या बाजूनं दिसली पाहिजेत. नदीला फुलं दाखवायची काही गरज नाही. आता मामा रोज सकाळी अंगणात येऊन ती निळ्या फुलांची रांग बघायचा आणि त्याला वाटायचं, यरुशलेममध्येही एवढं देखणं काम झालं नसेल.

इसब्रांटमामाही खुशीत होता, पण त्याच्या खुशीत एक काटा होता. भिंत बांधून उरलेल्या गोण्या त्यानं घरात नेल्या होत्या आणि पियानोभोवती दुसरी छोटी भिंत घातली होती. हे डीट्रिखला कळलं तर पुढची सहा वर्षं तो त्यावरच उपदेश करील, एवढं त्याला ठाऊक होतं.

"तुमच्या पियानोला थंडी वाजत नाही ना गं?" सुशमामीनं लीझेमामीला विचारलं.

इसब्रांटमामाचा घोट अडकला.

"तुम्हाला कोणी सांगितलं, जाऊबाई?" लीझेमामी म्हणाली.

"कोणी कशाला सांगायला हवं? तुमच्या बैठकीच्या खिडकीतून आता निम्माच पडदा दिसतो."

लीझेमामी उठली आणि कप विसळायला मोरीशी गेली. बोलणं बदलायची तिची ती जागा. कप विसळता विसळता तिनं समोरच्या खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन पडलं होतं, शेतातलं बर्फ काळपट झालं होतं, आणि त्याच्या पलीकडं रुंद, तपकिरी, चकाकणारं पाणी बर्फाचे तुकडे घेऊन चाललं होतं.

"वन्सं," ती अगदी मनापासून म्हणाली, "तुमच्या खिडकीतून नदी काय सुरेख दिसते हो! आमच्याकडं आठवडाभर नुसत्या गोण्या दिसताहेत."

"आमच्याकडं पण," सुशमामी म्हणाली. "म्हणजे, फुलं दिसतात. पण नदी नाही."

मग ती थांबली. पाव चावणाऱ्यांचे जबडे थांबले. डीट्रिखमामा आणि इसब्रांटमामा एकाच क्षणी उठले आणि दोघांनाही त्या एवढ्याशा खिडकीतून एकदम बघायचं होतं. दोन मोठे रेम्पेल, खांद्याला खांदा लागू न देता.

डावीकडं डीट्रिखची भिंत, निळ्या फुलांसकट. ती त्याच्या घराची हद्द संपते तिथं, सुरीनं कापल्यासारखी संपली होती. उजवीकडं इसब्रांटची भिंत, तीही तशीच. दोन्हींच्या मध्ये आजोबांची जुनी गल्ली, अडतीस पावलं रुंद, नदीपासून सरळ आमच्या दारापर्यंत येणारी. गल्लीत काही नव्हतं. एक फुटकी बादली होती.

"मला वाटलं, त्यानं—" डीट्रिखमामा म्हणाला.

"मला वाटलं, त्यानं—" इसब्रांटमामा म्हणाला.

मी आईकडं बघितलं. ती मुरंब्याच्या भांड्यावर झाकण लावत होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"बुधवारी दोघंही थांबले," आई म्हणाली. "गुरुवारी मी वाट बघितली. शुक्रवारीही बघितली. काल पाव भाजले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? माझ्या घराकडंही बघा म्हणून? बासष्टाव्या वर्षी सख्ख्या भावांना?"

ती एवढंच बोलली, आवाजही चढवला नाही. पण सुशमामी नंतर म्हणाली की त्या वेळी तिला आपल्या निळ्या फुलांची पहिल्यांदा लाज वाटली.

लाज वाटली की माणूस काय करतो? भांडतो. डीट्रिखमामानं पुस्तकाचा आधार घेतला. वचन म्हणतं, ज्याच्या त्याच्या घरासमोर. आगानेताचं घर मागं आहे. तिच्या घरासमोर काय येतं? गल्ली येते. गल्ली आबांनी दोघा भावांना सामायिक दिली. म्हणजे ते दोघांचं मिळून काम. आणि मिळून काम करायला मंडळीची बंदी आहे. "मी माझ्या हद्दीपर्यंत बांधलं. त्याच्या पुढं एक गोणी टाकली असती तर ती त्याच्या गोणीला टेकली असती. मग मी मंडळीला काय तोंड दाखवलं असतं?"

"ताई, तुझ्या भावाला सांग, बंदी मी नाही घातली! आणि मी पुढं जाऊन त्याच्या भिंतीला भिंत लावली असती, तर हा अख्ख्या गावात सांगत सुटला असता की इसब्रांट शरण आला."

"म्हणजे तुम्ही दोघं," मी म्हणाले, "आईला बुडवायला निघाला होतात, एक नियमासाठी, एक नाकासाठी?"

"तू गप्प बस, शहरातली," दोन्ही मामा म्हणाले. सहा वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"टेबलाला बोटभर फट ठेवली तेवढी पुरली नाही?" लीझेमामी पुढं आली. तिनं हातातला कप टेबलावर आपटला. "तिथंही अडतीस पावलं ठेवायची होती?"

"लीझे, तू मध्ये बोलू नकोस."

"मध्येच तर कोणी नाही! तेच तर चाललंय!"

डीट्रिखमामा उभा राहिला. उपदेश करताना उभा राहतो तसा, बोटं टेबलाला टेकून. पण त्याची दोन बोटं नेमकी फटीवर पडली, चादर आत गेली, आणि लोण्याची बशी त्याच्या कोटावर आली. त्यानं तो प्रकार देवाच्या पदरात टाकला आणि बोलत राहिला. "मंडळीचा नियम—"

"दादा," आई म्हणाली, "पाणी कुठल्या मंडळीचं आहे?"

डीट्रिखमामा रुमालानं कोटावरचं लोणी पुसू लागला.

"मला पुस्तक कळत नाही. मला उतार कळतो. तुझी भिंत मागं वळून गावाच्या बांधाला टेकलीय. इसब्रांटचीही टेकलीय. समोर मात्र अडतीस पावलं उघडी. मंगळवारी पाणी त्या गल्लीतनं आत येणार आणि तुमच्या दोघांच्या भिंतींच्या आत, आरामात बसणार. तुमच्या घरासमोर भिंत आहे ना? ती पाण्याला बाहेर जाऊ देणार नाही. हौद बांधलात तुम्ही. छान, मजबूत हौद. मी मध्ये, बेडकीसारखी. पण तुम्ही दोघं काही कोरडे राहत नाही."

इसब्रांटमामाच्या डोळ्यांसमोर पियानो आला. पियानोभोवतीची भिंत आली. आणि त्या भिंतीच्या आत पाणी भरतंय, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून हळूहळू वर चढतंय, असं दिसलं. तो खाली बसला.

आईनं एप्रन सोडला, घडी घातली, आणि रविवारच्या काळ्या कपड्यांतच गमबूट चढवून बाहेर गेली.

"आगानेता! आज प्रभूचा दिवस आहे!"

"मग त्याला सांग, तू बसून होतास," आई अंगणातून म्हणाली.

ती डीट्रिखमामाच्या भिंतीशी गेली आणि वरची एक गोणी ओढली. ती निघाली निळ्या फुलांची. सुशमामी दारातून किंचाळली, "तो नको गं! तो आईच्या हातचा!"

"मग तू दुसरी काढून दे."

आणि सुशमामीनं, मंडळीतल्या उपदेशकाच्या बायकोनं, रविवारी दुपारी सव्वाचार वाजता, नवऱ्यानं बांधलेल्या भिंतीतून चाऱ्याची गोणी उपसून नणंदेच्या हातात दिली. तिकडं लीझेमामी इसब्रांटमामाच्या भिंतीवर चढली होती. आई एक इकडची घ्यायची, एक तिकडची. दोघांवर सारखा अन्याय.

"हे काय चाललंय?" डीट्रिखमामा गल्लीच्या तोंडाशी येऊन ओरडला.

"मी माझ्या घरासमोर बांधतेय. तूच सांगितलंस ना? आणि तुझ्याच पुस्तकात त्या एका सरदाराबरोबर त्याच्या मुली दगड उचलत होत्या, ते मी ऐकलंय. तू तेवढं भरभर वाचलंस. त्याला बहुतेक मुलगे नसावेत, म्हणून काम उरकलं."

"माझी भिंत उतरतेय, आगानेता!"

"हो. अडतीस पावलं पुरी व्हायला तुझी गुडघ्याएवढी उरेल. त्याचीही. मग आपण तिघंही सारखे."

डीट्रिखमामाला धर्म कळत होता, आणि सव्वीस वर्षं दूध मोजल्यामुळं हिशेबही कळत होता. बैल शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी खड्ड्यात पडला तर त्याला वर काढायची मुभा असते, असं तो मोठ्यानं म्हणाला, म्हणजे देवाला, बायकोला आणि धाकट्या भावाला एकदम ऐकू जाईल. मग त्यानं लोण्याचा कोट काढून कुंपणावर टाकला. "आगानेता, तुझ्या भावाला सांग, मी माझ्या टोकाकडून बांधत येतो. स्वतंत्र."

"ताई, त्याला सांग, मी माझ्या टोकाकडून येतो. त्याच्याहून स्वतंत्र."

इसब्रांटमामानं ट्रॅक्टर काढला, माती आणली. मग घरात गेला आणि पियानोभोवतीच्या गोण्या एकेक करून बाहेर आणू लागला. डीट्रिखमामानं त्या मोजल्या. बोलला काही नाही, पण ओठ हलत होते: बहात्तर. मीही माझी शहरी चप्पल फेकली आणि वडिलांचे बूट घातले. आम्ही सहा जण, एका सुरात न गाणारे, दीड तास चिखलात राबलो. मधूनच दोन टोकांमध्ये चढाओढ लागायची. डीट्रिखमामा श्वास घ्यायला थांबला की तिकडून इसब्रांटमामा मुद्दाम शीळ घालायचा. चार आवाजांत गायची चाल, पियानोवाल्या मंडळीची.

"त्याला सांग, शीळ बंद कर."

"त्याला सांग, यात वाद्य नाही."

भिंती दोन्हीकडून येत गेल्या. वीस पावलं, दहा, चार. आणि शेवटी दोन भिंतींच्या मध्ये दोन हातांची फट उरली. तीन थर उंच, एका माणसाच्या रुंदीची. तिथं दोघंही थांबले.

तिथली पहिली गोणी कोणी ठेवायची? ठेवली की दोन्ही भिंती जुळणार. जुळल्या की ते मिळून केलेलं काम. डीट्रिखमामानं हातातली गोणी खाली ठेवली. इसब्रांटमामानंही ठेवली. दोघं आकाशाकडं बघू लागले, जणू हवामानाचा अंदाज घ्यायचा होता. फटीतून नदी दिसत होती. सकाळपेक्षा जवळ.

आई घरातून आली. एका हातात गल्लीतून उचललेली ती फुटकी बादली, दुसऱ्या हातात कॉफीचा कप. तिनं बादली फटीत पालथी घातली, त्यावर बसली आणि कॉफी पिऊ लागली.

"आगानेता, काय करतेस?"

"फट बुजवतेय. मी बसते इथं. मंगळवारपर्यंत आहे वेळ. तुमचा निकाल लागला की कळवा. कॉफी आणून देत जा फक्त."

"ताई, ऊठ."

"का? मी तुमच्या दोघांचीही बहीण आहे. माझ्यावर बंदी नाही. मला टेकलात तर पाप लागत नाही."

सुशमामी आधी हसली. मग लीझेमामी. मग दोघींना हसू आवरेना आणि त्या चिखलात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. जावा सहा वर्षांनी एकमेकींना हात लावत होत्या, आणि आपल्या हातून काय घडतंय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

डीट्रिखमामा हसला नाही. तो आईकडं बघत होता. नंतर, संध्याकाळी, त्यानं मला सांगितलं की त्या क्षणी त्याला बादलीवर बसलेली बासष्ट वर्षांची बाई दिसली नाही. तिच्या घरासमोर आठवडाभर कोणीच नव्हतं, तेवढं दिसलं. अर्ध्या गावाला घरं कशी राखायची ते शिकवून आल्यावर, आपल्या खिडकीतून जे रोज दिसतं ते आपण बघितलं नाही. "मी फुलं बघत होतो," तो म्हणाला.

त्यानं गोणी उचलली. जड होती. एकट्याला वर जाईना.

"तू तिकडून धर," तो म्हणाला.

कोणाला म्हणाला ते सगळ्यांना कळलं. इसब्रांटमामाला तर असं कळलं की तो जागीच अडखळला.

"कुठून, दादा?"

"कानाकडून. गोणीच्या. आणि वाकताना गुडघ्यात वाक, तुला लहानपणापासून अक्कल नाही."

आई उठून बाजूला झाली. गोणी बसली. मग दुसरी. मग तिसरी, ती निळ्या फुलांची होती. सुशमामीनंच आणून दिली. फुलं कुठल्या बाजूला करायची यावर दोन्ही मामांचं पाच मिनिटं भांडण झालं, थेट, मध्ये कोणी नसताना. शेवटी फुलं आईच्या खिडकीकडं आली.

"अहो, तुम्ही बोललात त्याच्याशी," सुशमामी म्हणाली.

"बोललो नाही. सूचना दिली."

"आणि मिळून काम?"

"मंडळीनं विचारलं तर सांगेन," डीट्रिखमामा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज पडला नव्हता. "उभं करून विचारलं तर उभा राहून सांगेन."

तेवढ्यात तुमचा माणूस आला.

नारिंगी जाकीट घातलेला, तिशीच्या आतला, भला दिसणारा. गाडी गावाच्या बांधातल्या मोकळ्या तोंडाशी ठेवून चिखलातून चालत आला होता, बूट हातात घेऊन. आईनं त्याला आत बसवलं, पाव दिले, कॉफी दिली. त्यानं चार पाव खाल्ले आणि मग मान खाली घालून कागद काढला. उद्या दुपारी बारा वाजता गावात जायचा रस्ता माती टाकून बुजवणार. त्याआधी सगळ्यांनी घरं सोडावीत. न सोडल्यास जबाबदारी आमची. खाली सह्यांसाठी सहा रेघा.

"कुटुंबप्रमुख कोण?" त्यानं विचारलं.

"ती," दोन्ही मामा म्हणाले.

"आणि ही जी बाहेर भिंत आहे, ती... आमच्या नकाशात नाही."

"आम्हीही नाही," आई म्हणाली. "आम्ही तिला शोभतो."

"बाई, तुम्ही विरोध करताय असं मी लिहू का?"

"छे छे," डीट्रिखमामा म्हणाला. "आम्ही चारशे वर्षं कोणाला विरोध केलेला नाही. आम्ही फक्त हलत नाही."

"तुमच्याकडं पाणी उपसायचे पंप आहेत," इसब्रांटमामा म्हणाला. "गावात सहा उभे आहेत, दोरीनं बांधलेले, नवेकोरे. भिंत आम्ही बांधली. पाझरेल तेवढं पाणी उपसायला एक द्या. तोवर रस्ता उघडा ठेवा. तो पंप आला तर ही तीन घरं राहतात. नाही आला तर जातात. एवढंच आहे."

"मला तो अधिकार नाही."

"मग कोणाला आहे?"

त्या माणसानं कागद पुढं सरकवला. आईनं कागद उचलला, खिडकीशी नेला, उजेडात वरपासून खालपर्यंत वाचला. मग उलटा करून पाठही बघितली.

"आमच्या सह्यांना सहा जागा आहेत," ती म्हणाली. "तुमच्या बाजूला नुसता शिक्का. हा गोल कोणी काढला, त्याचं नाव नाही. रस्ता बुजवा म्हणून कोणी सांगितलं, त्याचं नाव नाही. पंप द्यायचा नाही हे कोणी ठरवलं, त्याचंही नाही. दादा, तुझ्या त्या अध्यायात काय आहे रे?"

"नुसती नावं आहेत," डीट्रिखमामा म्हणाला. "अख्खा अध्याय. कोण कुठं उभा होता, कोणी किती बांधलं. सोनार, अत्तरवाले, सगळे. ज्या बड्या लोकांनी कामाला खांदा लावला नाही, तेही लिहिलेत."

आईनं कागद परत त्या माणसाच्या हातात दिला. चार पाव फडक्यात बांधून दिले, वाटेत खायला.

तो गेला. तुमच्यापर्यंत पोचला, हे आम्हाला माहीत आहे. आज दिवा लावायच्या आत त्याची गाडी तुमच्या कचेरीसमोर उभी होती, गावातल्या चौघांनी बघितली. त्यानं आईचा निरोप दिला असणार, कारण पोरगा सरळ होता. निरोप लांब नव्हता. उद्या बारा वाजता आम्ही सहाही जण बांधाच्या त्या उघड्या तोंडाशी उभे असू, हात रिकामे ठेवून. मातीचा पहिला ट्रक आमच्यासमोर रिकामा करा असा हुकूम ज्यानं दिला, त्यानं स्वतः यावं, आमच्या तोंडाकडं बघावं आणि आपलं नाव सांगावं. त्यानंतर आम्ही सह्या करू.

बोला. कोण येणार आहे?